किती देते?

आपल्याकडे दारात गाडी आली, की पेढा तोंडात टाकता टाकता माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘किती देते?’ गाईबद्दल विचारावं तसं गाडीबद्दल विचारतात. गाईचं विचारणारा निदान वेत कितवं आहे, चारा काय घालता, एवढी तरी चौकशी करतो. गाडीच्या बाबतीत तेवढंही नाही. एकच आकडा हवा असतो. तो सांगितला, की विचारणारा मान डोलावतो, सांगणाऱ्याची छाती फुगते आणि विषय संपतो. या आकड्याला आपण ‘ऍव्हरेज’ म्हणतो. सरासरी! तीस वर्षं वर्गात हीच सरासरी शिकवून निवृत्त झालेल्या मी या एका आकड्यापायी एका माणसाला चोर ठरवलं. त्याची ही हकीकत आहे.

२०२१ साली मुलाच्या आग्रहाखातर आम्ही एक जुनी, दीड टन माल वाहणारी डिझेल पिकअप घेतली. अशा पिकअप आज वर्धा जिल्ह्याच्या नाड्या झाल्या आहेत. आष्टी-कारंजाकडची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात न्यायची, देवळी-समुद्रपूरकडचा कापूस हिंगणघाटला पोचवायचा, येताना खताची पोती, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या आणायच्या, हेच त्यांचं काम. गाडी विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘डोळे झाकून चौदा देते.’ मी डोळे झाकून विश्वास ठेवला. सुरुवातीला बहुतेक फेऱ्या नागपूरच्याच होत्या. एक-दोनदा हिशेब केला, तर चौदाच्या आसपास आकडा आला. मग तो माझ्या डोक्यात पक्का बसला.

ड्रायव्हर माझाच जुना विद्यार्थी. नववीत शाळा सुटली, पण हात सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. २०२३ च्या नोव्हेंबरात गाडी २,१०० किलोमीटर धावली. चौदाच्या हिशेबानं १५० लिटर डिझेल लागायला हवं होतं. पंपाच्या पावत्या निघाल्या १७५ लिटरच्या. म्हणजे गाडीनं बाराच दिले होते. पंचवीस लिटर गेलं कुठं? चौकातल्या चहाच्या टपरीवर मी हे बोललो, तर चार जणांनी चार बोटं एकाच दिशेला दाखवली. ‘सर, डिझेल पाइप लावून निघतं. सगळेच काढतात.’ मी लिटरला नव्वद रुपये धरले आणि ड्रायव्हरच्या पगारातून २,२५० रुपये कापले.

तो भांडला नाही. नोटा मोजल्या आणि म्हणाला, ‘‘सर, मले विचारता तसं त्या रस्त्यालेबी विचारा ना. गाडीत बसा माह्यासोबत.’’

वही घेऊन गाडीत

मी बसलो. डिसेंबरपासून जवळजवळ अडीच महिने, जमेल त्या दिवशी, शंभर पानी वही घेऊन त्याच्या शेजारी बसलो. पहिले काही दिवस मोजायचं कसं हे शिकण्यातच गेले. ‘पाचशेचं टाक’ म्हणून भरलेल्या डिझेलवरून काहीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं हे ठाऊक नसतं. टाकी काठोकाठ भरायची, काट्यावरचे किलोमीटर लिहायचे, गाडी चालवायची आणि पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं बसलं तेवढं लागलं. तेसुद्धा शक्यतो त्याच पंपावर, सपाट जागी उभं राहून. भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे होतंच. दहा लिटरांमागे अर्धा लिटर म्हणजे शेकडा पाचाची चूक. चाळीस लिटरांमागे तीच चूक सव्वा टक्क्यावर येते. म्हणून एका फेरीवरून निकाल द्यायचा नाही. एकाच प्रकारच्या पुष्कळ फेऱ्या एकत्र मोजायच्या.

सकाळी गार वेळी डिझेल भरलं की जास्त मिळतं, असं मीही मानत आलो होतो. डिझेल उष्णतेनं फुगतं हे खरं आहे. पण दहा अंशांच्या फरकानं ते शेकडा एकापेक्षाही कमी फुगतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्यानं तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. पहाटे उठायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत, हे काही त्यांतलं नव्हे.

वर्ध्याहून सेलू, केळझर, बुटीबोरीवरून नागपूरचा रस्ता. गाडी रिकामी किंवा अर्धी भरलेली, वेग पन्नास-पंचावन्नच्या आसपास आणि फारसे ब्रेक नाहीत. या रस्त्यावर आमची गाडी पंधरा द्यायची. गाडी विकणाऱ्याचे चौदा काही खोटे नव्हते. फक्त ते या रस्त्याचे होते.

आष्टीहून संत्र्यांचे क्रेट भरून निघालो, की तळेगावनंतर सत्याग्रही घाट लागतो. तिथं मला शाळेतलं पदार्थविज्ञान आठवलं. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन शंभर मीटर उंच उचलायचं, तर लागणारी ऊर्जा गणितानं काढता येते. इंजिन डिझेलमधल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या कामी लावतं, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. हे सगळं धरलं, तर दर शंभर मीटर चढाला साधारण पाव लिटर डिझेल नुसतं उचलण्यात जातं. पुढं जाण्याचं वेगळं. उतारावर त्यातलं काही परत मिळतं, पण जेवढा ब्रेक दाबला तेवढं चाकांपाशी तापून जातं. जुने ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात आणि डिझेल वाचलं म्हणतात. आताच्या इंजिनांत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला, की डिझेलचा फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळत राहतं, शिवाय घाटात इंजिनाचा आधार सुटतो तो वेगळाच.

कापसाची गोष्ट आणखी निराळी. बारा क्विंटल कापूस म्हणजे वजनानं गाडीला फार नाही. पण जाळी लावून, दाबून, वर ताडपत्री बांधून त्याचा जो डोंगर होतो, तो वाऱ्याला छाती लावून चालतो. संत्री वजनानं खातात आणि कापूस वाऱ्यानं खातो. दोन्ही भारांना आमचा आकडा बाराच्या जवळपास आला. आकडा एकच, पण कारणं दोन.

वाऱ्याचं खरं रूप दिसलं ते समृद्धी महामार्गावर. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि आमच्या जिल्ह्यातून मुंबईकडे जाणारी सरळ रेघ ओढली गेली. सेलूकडचा भाजीपाला घेऊन आम्ही येळाकेळीहून त्यावर चढलो. खड्डा नाही, गाय नाही, गतिरोधक नाही. मला वाटलं, आज सतरा येतील. आले अकरा! ड्रायव्हरनं काटा ऐंशीवर ठेवला होता आणि ताडपत्रीचं एक टोक फडफडत होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंचावन्नचे ऐंशी केले, तर वेग दीडपटही होत नाही, पण हवेचा अडसर दुपटीच्या वर जातो. पिकअपचं चौकोनी तोंड तर हवा कापायला बनवलेलंच नसतं. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ, म्हणजे पीसीआरए, पंचेचाळीस ते पंचावन्नचा वेग ठेवा असं सांगत आला आहे. पंपावरच्या त्या फलकाकडे मी इतकी वर्षं जाहिरात म्हणून पाहत होतो. वेळेचं मोल असेल तिथं ऐंशीनं जावंच. कोथिंबीर काही पंचावन्नची वाट पाहत नाही. पण मग डिझेल जास्त गेलं म्हणून ड्रायव्हरकडे पाहू नये.

आकडा लपतो कुठं?

आणि मग पांदण. नकाशात न सापडणारा, शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा आमचा खरा रस्ता. काळ्या मातीत बंडीच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळीत वाळून दगड होतात आणि पावसाळ्यात त्यांचाच चिखल होतो. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. कोरड्या पांदणीत आणि बाजाराच्या गल्ल्यांत मिळून आमची गाडी आठ द्यायची. पुढं जुलैत मी मुद्दाम एकदा चिखलातून गेलो, तेव्हा सहाही नीट आले नाहीत.

शेवटची नोंद किलोमीटर नसलेली. हिंगणघाटला जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. दर दहा मिनिटांनी दोन गाड्यांइतकं पुढं सरकायचं. या वेळात गाडी शून्य किलोमीटर ‘देते’. इंजिन नुसतं चालू असलं, तर आमच्या गाडीला तासाला पाऊण लिटराच्या आसपास लागतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, ‘‘अरे, बंद का करत नाहीस?’’ तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘‘बॅटरी बदलायले म्हनलो होतो ना मी, सर. बंद केली तं ढकला लागते.’’ दिवाळीच्या आधी तो बॅटरीचं बोलला होता. मी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणालो होतो.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी नोव्हेंबरच्या पावत्या काढून बसलो. वजनकाट्याच्या चिठ्ठीवर तारीख असते, वेळ असते, भरलेलं आणि रिकामं वजन असतं. बाजाराच्या पावत्या होत्या. त्यावरून महिन्याच्या फेऱ्या रस्त्यांप्रमाणे वेगळ्या केल्या. नागपूरकडचे मोकळे किलोमीटर १,२००, पंधराच्या दरानं डिझेल ८० लिटर. संत्री आणि कापूस भरून ६६० किलोमीटर, बाराच्या दरानं ५५ लिटर. पांदण आणि बाजार २४० किलोमीटर, आठच्या दरानं ३० लिटर. रांगेत उभं राहण्याचे नऊ तास, ७ लिटर. एकूण १७२ लिटर. पावत्या १७५ च्या. उरलेले तीन लिटर म्हणजे टाकी भरण्यातली नेहमीची कमीजास्त.

चोर सापडला नाही, कारण चोरी झालीच नव्हती.

सरासरीची सरासरी

त्या रात्री मला लाज वाटली ती गणिताच्या मास्तराची. परीक्षेत मी हमखास एक गणित घालत असे. एक माणूस जाताना एका वेगानं जातो, येताना दुसऱ्या वेगानं येतो, तर सरासरी वेग किती? मुलं दोन्ही वेगांची बेरीज करून दोनानं भागत आणि मी लाल शाईनं फुली मारत असे. गाडीचंही तेच आहे. जाताना साठ किलोमीटर पंधराच्या दरानं गेलं, तर चार लिटर लागतं. येताना साठ किलोमीटर दहाच्या दरानं आलं, तर सहा लिटर. एकशेवीस किलोमीटरला दहा लिटर म्हणजे बारा, साडेबारा नव्हे. वाईट रस्ता सरासरीला आपल्या वाट्यापेक्षा जास्त खाली ओढतो, कारण डिझेल तिथंच जास्त जळतं. नोव्हेंबरात पांदण-बाजाराचे किलोमीटर महिन्याच्या नवव्या हिश्शाहून थोडेसेच जास्त होते. डिझेल मात्र सहाव्या हिश्शाहून जास्त गेलं होतं.

युरोपात हा हिशेब उलटा मांडतात. शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं, असं विचारतात. प्रश्न तोच, पण उत्तराचा उजेड वेगळा पडतो. चौदा देणारी गाडी सोळा देऊ लागली, तर शंभर किलोमीटरला लिटरभरसुद्धा वाचत नाही. आठ देणारी दहा देऊ लागली, तर अडीच लिटर वाचतात. दोन्हीकडे वाढ दोनाचीच. म्हणजे वाचवायचं असेल, तर चांगल्या रस्त्यावर जीव काढण्यात फारसा अर्थ नाही. वाईट रस्ता आधी पाहायचा.

मग कंपन्या सांगतात तो आकडा खोटा का? तसंही नाही. आपल्याकडे मोटारींचा जो आकडा जाहीर होतो, तो प्रयोगशाळेतला असतो. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचणीचं काम करते. तिथं गाडी रुळांवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणं साधारण वीस मिनिटं वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सर्वांत जास्त वेग ताशी नव्वद. त्यात वारा नाही, घाट नाही, जिनिंगची रांग नाही आणि वर रचलेला कापूस नाही. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला ही परीक्षा उत्तम आहे, कारण प्रश्नपत्रिका सगळ्यांना सारखी. पण त्या परीक्षेतले गुण म्हणजे संसारातलं यश नव्हे, हे शाळामास्तराला तरी कळायला हवं होतं.

वहीत आकडे भरताना मला वर्ध्याच्याच एका हिशेबनिसाची आठवण होई. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम आमच्या मगनवाडीतून चालू लागलं. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांनी वाहिली. माणूस मूळचा लेखापाल, विलायतेत हिशेब शिकलेला. त्यांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले होते. एक साठ्याची आणि एक वाहत्या झऱ्याची. कोळसा, खनिज तेल हा साठा. काढाल तेवढा कमी होणार. चारा, बैलाची ताकद हा झरा. दरवर्षी नव्यानं येणारा. पूर्वी मला हे व्याख्यानातलं वाक्य वाटे. पांदणीत पहिल्या गिअरमध्ये घुरघुरणाऱ्या गाडीत बसल्यावर ते हिशेबाचं वाक्य वाटू लागलं.

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा बॅटरी बदलली. रांगेत इंजिन आता बंद असतं. टायरमधली हवा दर आठवड्याला गार टायरवर पाहायची, भरलेल्या गाडीची वेगळी आणि रिकाम्या गाडीची वेगळी. मागचा एक ब्रेक धरून राहत होता, तो मिस्त्रीकडून मोकळा करून घेतला. ताडपत्रीला दोन दोऱ्या वाढवल्या. आणि ज्या शेतकऱ्यांकडे अजून बैल आहेत, त्यांना विनंती केली, की कापूस बंडीनं डांबरी रस्त्यापर्यंत आणा, भाड्यात तेवढी सूट घ्या. सगळ्यांना ते जमत नाही. बैलजोडी ठेवणं आज सोपं नाही, हे मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून जाणतो. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे गाडी पांदणीत जाते, पण तिथलं भाडं आता वेगळं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात २,०८० किलोमीटरला १६० लिटर लागलं. म्हणजे तेरा. चौदा नाहीच. पण हे तेरा कुठून आले, ते आम्हाला पान काढून दाखवता येतं.

पैशाचं राहिलं. त्या रात्रीचा हिशेब जुळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. २,२५० रुपये त्याच्या हातात ठेवले आणि म्हणालो, ‘‘चूक माझी होती.’’ त्यानं पैसे घेतले. थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘पैशाचं काही नाही, सर. पन त्या महिन्यात घरी विचारलं, पगार कमी काहून आला म्हनून.’’

मी विचारलं, ‘‘मग काय सांगितलंस?’’

‘‘सांगतलं, सरांनी उसने घेतले.’’

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. उसने घेतलेले पैसे परत करायला आलेल्या मास्तरासमोर तिनं कप ठेवला. मी खाली मान घालून तो प्यायलो.

वही आता गाडीतच असते. तारीख, रस्ता, माल, वजन, थांबल्याचे तास आणि डिझेल असे सहा रकाने मी आखले होते. सातवा त्यानं स्वतः आखला आहे, ‘कारण’ या नावाचा. परवा सहज वही उघडली, तर त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पाऊस. पांदण. एका म्हाताऱ्याची बंडी फसली होती, ती ओढून काढली. अर्धा लिटर जास्त.’

मी खाली सही केली.